कंपन्यांच्या वह्या तपासणाऱ्या बाई

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने १८७२ साली जो महसूल कायदा केला, त्यात जंगम मालमत्तेचा एक लांबलचक तक्ता होता. तो वाचताना एखाद्या खात्यापित्या घराची झडतीच चालली आहे असं वाटतं. घोडे किती, गाईगुरं किती, खेचरं, मेंढ्या, डुकरं किती. वाफेची इंजिनं. आगीला दाद न देणाऱ्या तिजोऱ्या. बिलियर्डची टेबलं. गाड्या. खिशातली आणि भिंतीवरची घड्याळं. शिवणयंत्रं. पियानो. कारखानदाराची हत्यारं, अवजारं, यंत्रं. सोन्याचांदीची भांडी, हिरे, हातातली रोकड, उसने दिलेले पैसे, रोखे, समभाग. करदात्याने प्रत्येक बाबीची संख्या आणि किंमत लिहून द्यायची, असेसरने ती तपासायची आणि ठरलेल्या आकड्यावर कर बसायचा. याच तक्त्यात 'फ्रँचाइज' अशीही एक ओळ होती. शहराच्या रस्त्यावर रूळ टाकण्याचा, रस्त्याखालून गॅसचे नळ नेण्याचा, डोक्यावरून तारा ओढण्याचा जो हक्क नगरपालिका एखाद्या कंपनीला देते, तीही मालमत्ताच, आणि तिच्यावरही कर, असं कायदा स्पष्ट सांगत होता.

कायदा सांगत होता आणि कोणी ऐकत नव्हतं. गाय लपवता येत नाही, दिवाणखान्यातला पियानोही लपत नाही. रोखा मात्र तिजोरीत ठेवला की संपलं. त्यामुळे शेतकरी, किराणा दुकानदार, शिंपी असे लोक पुरेपूर भरडले जात. त्यातही आणखी एक मेख होती. असेसर निवडून येत असे. आपल्या गावचं मूल्यांकन जितकं कमी दाखवू, तितका राज्याच्या कराचा बोजा शेजारच्या गावावर पडेल, हे त्याला आणि त्याच्या मतदारांना पक्कं ठाऊक होतं. मग प्रत्येक गाव शेजाऱ्याहून गरीब दिसायची धडपड करू लागलं. ही तफावत सारखी करायला इलिनॉयने १८६७ साली राज्य समानीकरण मंडळ नेमलं, आणि पुढे कंपन्यांच्या भागभांडवलाचं मूल्य ठरवायचं कामही याच मंडळाकडे आलं. १८९८ च्या कायद्याने तर सरळ हत्यारच टाकलं. कराची आकारणी खऱ्या किमतीच्या एक पंचमांशावर करायची, असं त्यात लिहून टाकलं. शंभर डॉलरचा घोडा कागदावर वीस डॉलरचा झाला.

शिकागोच्या बड्या लोकांना तेवढंही सोसत नव्हतं. विल्यम स्टेड या इंग्रज पत्रकाराने १८९४ साली शिकागोवर जे गाजलेलं पुस्तक लिहिलं, त्यात या शहरातल्या करबुडव्या धनिकांवर एक अख्खं प्रकरण आहे. १९०० साली शिकागोची वस्ती १७ लाखांच्या घरात होती. एवढ्या लोकांना रोज ट्राम लागे, गॅस लागे, वीज लागे. ट्रामचा धंदा बरीच वर्षं चार्ल्स यर्कीस या गृहस्थाच्या मुठीत होता. थिओडोर ड्रायझरने आपल्या कादंबऱ्यांचा नायक बेतला तो याच माणसावरून. शहराच्या रस्त्यांवरचा हक्क ५० वर्षांसाठी पदरात पाडून घ्यायचा त्याचा बेत १८९८ च्या डिसेंबरात लोकक्षोभामुळे फसला. मग त्याने आपला हिस्सा विकला आणि पुढे लंडनला जाऊन भुयारी रेल्वेचा व्यवसाय मांडला. हक्कांची किंमत किती असते, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. शेअर बाजारालाही नव्हती. शिकागोच्या ट्राम आणि गॅस कंपन्यांचे समभाग ज्या भावाने विकले जात, तो भाव रुळांचा, डब्यांचा आणि नळांचा नव्हता. रूळ काढून भंगारात घातले असते तर त्याच्या आसपासही पैसे आले नसते. भाव होता तो रस्त्यावरच्या मक्तेदारीचा. आणि ती मक्तेदारी करदप्तरात जवळजवळ शून्याला टेकलेली होती.

या सगळ्या भानगडीत शाळेतल्या बाई कुठून आल्या?

शिकागोच्या प्राथमिक शाळांत शिकवणाऱ्या बहुतेक सगळ्या स्त्रिया होत्या. एकेका वर्गात ५०-६० मुलं. त्यांच्या पगाराची कमाल मर्यादा १८७७ साली वर्षाला ८२५ डॉलर ठरली, ती वीस वर्षं हलली नाही. १८९७ साली त्यांनी शिकागो टीचर्स फेडरेशन काढली, मुख्यतः पेन्शनचा कायदा वाचवायला. संघटनेचा रेटा असा की १८९८ साली शाळा मंडळाला पगारवाढ मान्य करावी लागली. टप्प्याटप्प्याने वाढ देत तीन वर्षांत कमाल पगार १००० डॉलरवर न्यायचं ठरलं. पहिला टप्पा मिळाला. मग १९०० च्या सुरुवातीला मंडळाने हात वर केले. पैसे नाहीत, वाढ रद्द.

एरवी इथे निवेदनं, शिष्टमंडळं आणि निषेधसभा होऊन प्रकरण विझलं असतं. पण फेडरेशनच्या अध्यक्ष कॅथरीन गॉगिन आणि त्यांच्या सहकारी मार्गारेट हेली यांनी वेगळाच प्रश्न विचारला. पैसे नाहीत म्हणजे का नाहीत? शाळा मंडळाचं उत्पन्न मालमत्ता करातून येतं, मग कर कोण भरत नाही?

हेलीबाई आयरिश वंशाच्या, जोलिएट गावच्या, १८६१ च्या जन्माच्या. कत्तलखान्यांच्या वस्तीतल्या हेंड्रिक्स शाळेत सहावीच्या वर्गावर त्यांनी पंधराएक वर्षं काढली होती. १९०० साली त्यांनी रजा घेऊन फेडरेशनचं पूर्ण वेळ काम पत्करलं, पगार सभासद शिक्षिकांच्या वर्गणीतून. त्या काळी इलिनॉयच्या स्त्रियांना शाळेच्या निवडणुकीपुरतं मत होतं. महापौर, असेसर किंवा समानीकरण मंडळाचा सभासद निवडण्यात त्यांचा काडीचाही वाटा नव्हता. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत हिंडल्या आणि तिथल्या स्त्रियांच्या संस्था, शिक्षण, हक्क यांवर त्यांनी १८८९ साली मराठीत भरभरून लिहिलं. अमेरिकन बायकांच्या संघटनशक्तीचं त्यांना वाटलेलं कौतुक किती रास्त होतं, ते पुढच्या दहा-बारा वर्षांतच शिकागोने दाखवून दिलं.

बाईंनी कायद्याचं पुस्तक उघडलं, करदप्तरं उघडली आणि शेअर बाजाराच्या भावांची पानं उघडली. कंपनीच्या फ्रँचाइजची किंमत कशी काढायची याची रीत काही त्यांनी शोधून काढलेली नव्हती. ती समानीकरण मंडळाचीच, १८७० च्या दशकातली होती, आणि रेल्वे कंपन्यांनी तिला आव्हान दिलं तेव्हा देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती १८७५ साली उचलूनही धरली होती. रीत साधी आहे. कंपनीचे एकूण समभाग किती आणि बाजारात भाव काय, याचा गुणाकार करा. त्यात कंपनीचं कर्ज मिळवा. ही झाली अख्ख्या धंद्याची किंमत. त्यातून स्थानिक असेसरने आधीच धरलेली डोळ्यांना दिसणारी मालमत्ता, म्हणजे जमीन, इमारती, डबे, यंत्रं, वजा करा. उरलं ते फ्रँचाइज आणि भांडवल. समजा कंपनीचे एक लाख समभाग आहेत, भाव १०० डॉलर आणि कर्ज ५० लाख. धंद्याची किंमत दीड कोटी. दिसणारी मालमत्ता ४० लाखांची. उरले १ कोटी १० लाख, आणि कर बसायचा तो त्याच्या एक पंचमांशावर. हे सहावीतल्या पोराचं गणित आहे, आणि ते सोडवायला सहावीच्याच बाई बसल्या होत्या.

उत्तर असं आलं की गॅस, वीज, टेलिफोन आणि ट्राम कंपन्यांची सुमारे साडेतेवीस कोटी डॉलरची मालमत्ता करातून निसटली आहे. तिच्यावरचा कर वर्षाला २३ लाख डॉलरहून जास्त भरत होता. हा आकडा फेडरेशनचा, आणि कंपन्यांना तो कधीच मान्य नव्हता. पण निम्मा धरला तरी शिक्षिकांची पगारवाढ त्यातून सहज भागली असती.

मला या लढ्यातली सगळ्यात मोठी हुशारी इथे दिसते. बाईंनी नवा कर मागितला नाही, दर वाढवा म्हटलं नाही, श्रीमंतांना धडा शिकवा असंही म्हटलं नाही. तुमचाच कायदा आणि तुमचंच गणित वापरा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

१९०० च्या शरद ऋतूत त्या राजधानी स्प्रिंगफील्डला समानीकरण मंडळापुढे उभ्या राहिल्या. मंडळावर प्रत्येक काँग्रेस मतदारसंघातून एकेक निवडून आलेला सभासद, शिवाय राज्याचा लेखापाल. या मंडळींनी बाईंचं ऐकून घेतलं आणि काही केलं नाही. मूल्यांकन हा आमच्या अखत्यारीतला, आमच्या विवेकाचा विषय आहे, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे पालिकेच्या किंवा तहसीलच्या कचेरीत खेटे घातलेल्या कोणालाही हे उत्तर पाठ असेल.

फेडरेशन मग न्यायालयात गेली. मागणी परमादेशाची होती. मंडळाला कर्तव्य करायचा हुकूम द्या, एवढीच. १ मे १९०१ रोजी सँगमन काउंटीचे न्यायाधीश ओवेन थॉम्प्सन यांनी तो दिला. मंडळ अपिलात गेलं. २४ ऑक्टोबर १९०१ रोजी इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. निकालाच्या नावात कॅथरीन गॉगिन यांचं नाव आहे. विवेकाचा मुद्दा न्यायालयाने खोडून काढला. विवेक वापरून किंमत कमी ठरवणं वेगळं आणि मालमत्ता समोर दिसत असताना ती जाणूनबुजून सोडून देणं वेगळं. दुसऱ्याला मूल्यांकन म्हणताच येत नाही, असा त्या निवाड्याचा रोख होता. ज्यांना हे मंडळ निवडायचा हक्क नव्हता अशा शिक्षिकांनी राज्याच्या निवडून आलेल्या मंडळाला कायदा पाळायला लावला होता.

इथे गोष्ट संपवायचा मोह होतो, आणि फेडरेशनची स्तुती करणारे पुष्कळ जण इथेच थांबतातही. खरी गंमत पुढे आहे.

मंडळाने हुकमाप्रमाणे नवं मूल्यांकन केलं. लगेच कंपन्या केंद्रीय न्यायालयात धावल्या. तिथे बसले होते न्यायाधीश पीटर ग्रॉसकप. १८९४ च्या पुलमन संपात रेल्वे कामगारांविरुद्ध मनाई हुकूम देणाऱ्या दोन न्यायाधीशांपैकी हे एक, त्यामुळे शिकागोच्या कष्टकरी वस्त्यांत त्यांचं नाव कोणी विसरलं नव्हतं. कंपन्यांचा युक्तिवाद मात्र भक्कम होता. आम्ही कर बुडवला, असं तुम्ही म्हणता. पण या राज्यात बाकीच्या कंपन्यांचं मूल्यांकन तरी कुठे पुरेपूर केलंय? त्यांना सवलतीचा हिशेब आणि आम्हाला, बाईंनी दावा लावला म्हणून, कडक हिशेब. हा कायद्यापुढच्या समानतेचा भंग आहे. अमेरिकन राज्यघटनेची चौदावी दुरुस्ती यादवी युद्धानंतर आली ती मुक्त झालेल्या गुलामांना समान संरक्षण मिळावं म्हणून. आता तिचं छत्र ट्राम कंपनीने डोक्यावर धरलं. आणि ते चाललं. ग्रॉसकप यांनी मूळ आकारणीच्या वसुलीला मनाई केली आणि कंपन्यांचा कर पुष्कळ खाली आणला. जिथे २३ लाखांची गोष्ट चालली होती तिथे हाती लागले सुमारे ६ लाख डॉलर. प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९०७ साली तिथेही कंपन्यांचीच सरशी झाली. न्यायमूर्ती होम्स यांनी आपलं वेगळं मत नोंदवलं, पण ते अल्पमतात.

कायदेशीरदृष्ट्या हा युक्तिवाद मला चूक म्हणता येत नाही. सगळ्यांनाच सवलत देणारं मंडळ एकाला सवलत नाकारू लागलं तर त्या एकावर अन्याय होतोच. पण त्याचा परिणाम पाहा. वर्षानुवर्षं सर्रास चाललेली करचुकवेगिरी हाच करचुकव्याचा बचाव ठरला.

हा धागा थेट आपल्याकडे येतो. भारतीय राज्यघटनेच्या १४ व्या अनुच्छेदातलं कायद्याच्या समान संरक्षणाचं तत्त्व याच अमेरिकन दुरुस्तीतून आलं, आणि १९६७ साली अहमदाबादच्या कापड गिरण्यांनी त्याच्याच जोरावर तिथल्या महापालिकेला हरवलं. अहमदाबादला तेव्हा १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका कायदा लागू होता, म्हणजे पुण्याला लागू असलेलाच. सगळ्या गिरण्यांना चटईक्षेत्रामागे एकच सरसकट दर लावणं समानतेत बसत नाही, असं न्यू माणेक चौक मिलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. यंत्रसामग्रीचं मूल्य जमीन आणि इमारतींच्या करात ओढणारा नियमही रद्द झाला. मुंबईत हा तंटा उद्भवायचं कारणच नव्हतं. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याच्या १५४ व्या कलमाने इमारतीतल्या यंत्रांची किंमत करपात्र मूल्यात धरायची नाही असं आधीच लिहून ठेवलं होतं. गिरणगावात कर भिंतींना होता, आतल्या चात्यांना आणि मागांना नाही. घासाघीस टाळायची असेल तर असा सरळ नकार बरा, असं मला वाटतं. इलिनॉयने मात्र सगळंच मोजायचं ठरवलं आणि मोठं ते सगळं सोडून दिलं.

परत शिकागोकडे. ६ लाखांतला शाळा मंडळाचा वाटा होता सुमारे अडीच लाख डॉलर. बाईंनी रजा काढून, वर्गणी जमवून, दोन न्यायालयं झगडून आणलेला पैसा. शाळा मंडळाने तो कोळशाची बिलं आणि इमारतींची डागडुजी यांत घालायचं ठरवलं. पगारवाढ? तिचं पुढे बघू.

वाचणाऱ्याचा संताप होतो, त्यांचा झाला नसेल? पण त्यांनी तोच मार्ग धरला जो आधी धरला होता. पुन्हा न्यायालय, या वेळी स्वतःच्या मालकाविरुद्ध. १९०४ साली न्यायाधीश एडवर्ड डन यांनी शिक्षिकांच्या बाजूने निकाल दिला आणि थकलेली वाढ त्यांच्या हाती पडली. १९०५ साली हेच डन शिकागोचे महापौर झाले. त्यांच्या प्रचारात फेडरेशन हिरिरीने उतरली होती, आणि बायकांना मत नसलं तरी पालकांच्या घरोघरी बाईंची ओळख होती. डन यांनी शाळा मंडळावर समाजसुधारक जेन अ‍ॅडम्स यांना नेमलं. पुढे १९१३ साली इलिनॉयच्या स्त्रियांना अध्यक्षीय आणि नगरपालिका निवडणुकीत मत देणाऱ्या कायद्यावर राज्यपाल म्हणून सही केली ती याच डन यांनी.

एव्हाना बाईंना वह्या तपासायची चटक लागली होती. शाळांच्या मालकीची भर शहरातली जमीन वर्तमानपत्रांना भाड्याने दिलेली होती. शिकागो ट्रिब्यूनची इमारत अशाच जमिनीवर. मूळ करारात दर दहा वर्षांनी जमिनीचं मूल्य नव्याने ठरवून भाडं वाढवायचं कलम होतं. १८९५ साली शाळा मंडळाने ते कलमच काढून टाकलं आणि भाडं थेट १९८५ पर्यंत गोठलं. म्हणजे शाळेचं उत्पन्न दोन्हीकडून आटलं होतं, इथे मूल्यांकन करायचं नाही म्हणून आणि तिथे फेरमूल्यांकन करायचं नाही म्हणून. ट्रिब्यून फेडरेशनवर इतकी का तुटून पडते, हे हेलीबाई सभांमधून हा करार वाचून दाखवत सांगत. करार टिकला, पण भाडं शिकागोभर चर्चेत राहिलं.

१९०२ साली फेडरेशन शहराच्या कामगार महासंघाला जोडली गेली. शिक्षिका आणि खाटिक एका संघटनेत, यावर सुशिक्षितांनी नाकं मुरडली. १९१६ साली अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स स्थापन झाली तेव्हा शिकागोच्या बाईंची शाखा तिची पहिल्या क्रमांकाची शाखा होती. त्याच वर्षी गॉगिन रस्त्यावरच्या अपघातात गेल्या. शाळा मंडळानेही उट्टं काढलं. कामगार संघटनेशी संबंध ठेवणाऱ्या शिक्षिकांना नोकरी नाही, असा नियम झाला आणि १९१७ साली इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने, म्हणजे १९०१ साली बाईंच्या बाजूने उभ्या राहिलेल्या त्याच न्यायालयाने, तो वैध ठरवला. फेडरेशनला कामगार संघटनेतून बाहेर पडावं लागलं. हेली १९३९ पर्यंत जगल्या आणि शेवटपर्यंत कराच्या प्रश्नावर बोलत राहिल्या.

पियानो आणि घड्याळांचा तो तक्ता मात्र सत्तर वर्षं आणखी रेंगाळला. १९७० साली इलिनॉयच्या मतदारांनी व्यक्तींच्या जंगम मालमत्तेवरचा कर रद्द केला, कंपन्यांवरचा ठेवला. कंपन्यांनी पुन्हा समानतेच्या हक्काखाली दाद मागितली. या वेळी, १९७३ साली, देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत पाठवलं. व्यक्ती आणि कंपनी यांत फरक करायची राज्याला मोकळीक आहे, असं ते म्हणालं. नव्या राज्यघटनेप्रमाणे १ जानेवारी १९७९ पासून कंपन्यांवरचा हा करही संपला आणि त्याच्या जागी नफ्यावरचा कर आला. फक्त गॅस, वीज आणि पाणी पुरवणाऱ्या कंपन्यांसारख्या सार्वजनिक सेवांसाठी नव्या कायद्याने वेगळी तरतूद केली. त्यांनी गुंतवलेल्या भांडवलावर ०.८ टक्के कर भरायचा.